चार नंबरच्या प्रेसला हात दिसत नाही

शिरूरच्या बाजारात कुणी भेटलं की विचारतं, "मामा, रिटायर झाल्यावर काय चाललंय?" मी सांगतो, "गोष्टींतल्या संगणकांना वेसण घालतोय." समोरचा जरा चाचरतो आणि भाजीचे भाव काढतो. बायको म्हणते, असलं काही बोलत जाऊ नका, लोक माझ्याकडे कीव करून बघतात. पण मी खोटं बोलत नाही. खरंच तेच चाललंय.

कुणी कथा लिहितं, कुणी एकांकिका, कुणी मोबाइलवर ऐकायची मालिका. त्यात शंभर वर्षांनंतरचं जग असतं, त्या जगात एक संगणक असतो, आणि त्या पठ्ठ्याला सगळं येत असतं. ते कागद फिरत फिरत माझ्याकडे येतात. मी चष्मा लावतो, चहा मागवतो आणि लाल पेनानं समासात एकच प्रश्न लिहीत जातो: 'हे त्याला कसं कळलं?' पाचव्या पानापर्यंत लेखक माझा वैरी झालेला असतो.

मागच्या वर्षी दौंडहून एक निवृत्त रेल्वे गार्ड आले होते. परग्रहावरच्या रेल्वेची गोष्ट. गाडीतल्या संगणकाला कळतं की आज चालक दुःखी आहे, म्हणून तो गाणी लावतो. मी विचारलं, "कसं कळलं?" गार्डसाहेब भडकले. "अहो, कल्पना आहे ती! कल्पनेला काय लायसन लागतं?" मी म्हणालो, "लायसन नाही लागत. पण तुमच्या गाडीला सिग्नल लागत होता की नाही? कल्पनेतल्या गाडीलाही लागणार." ते तडक एसटीनं दौंडला परत गेले. महिन्याभरानं नवी गोष्ट आली. आता संगणकाला एवढंच कळत होतं की हा चालक रोजच्यापेक्षा ब्रेक लवकर दाबतोय. त्यावरून त्यानं ठरवलं की ब्रेक बिघडलाय, आणि ऐन प्रवासात गाडी दुरुस्तीला काढली. बिचाऱ्या चालकाची बायको आजारी होती, त्याला घर गाठायचं होतं. वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी फोन करून सांगितलं, "साहेब, आता जमली!"

मला साहित्यातलं ओ का ठो कळत नाही. पण संगणकाला काय कळत नाही, एवढं मात्र मला कळतं. त्याची किंमत मी जवळजवळ मोजली होती. म्हणजे मी नव्हे, न्हावऱ्याच्या सोपान कोळप्यानं मोजली असती. तीच हकिगत या अंकासाठी लिहितो आहे.

आधी माझं काम काय होतं ते सांगतो, कारण सव्वीस वर्षं ते घरातसुद्धा कुणाला नीट कळलं नाही. बायको पाहुण्यांना सांगायची, "हे कंप्युटरमध्ये आहेत." त्यामुळे गल्लीतले लोक प्रिंटर घेऊन यायचे. एकदा शेजारचे आप्पा त्यांच्या कॅमेऱ्याचं चित्र घेऊन आले. शेळी चोरीला गेली होती आणि गोठ्यापाशी एक माणूस वाकलेला दिसत होता. "त्या शिरेलीत कसं, बटन दाबलं की तोंड मोठं हुतं, स्वच्छ हुतं, तसं कर," म्हणाले. मी सांगितलं, "आप्पा, या माणसाचं तोंड म्हणजे इथं तीस-चाळीस ठिपके आहेत. त्यातून नाक-डोळे कुठून आणू? आणले तर ते मी काढलेले असतील, चोराचे नसतील." आप्पा म्हणाले, "तुला येत न्हाई म्हण की!" आणि चार दिवस बोलणं बंद. पाचव्या दिवशी शेळी उसातून आपली आपण बाहेर आली. वाकलेला माणूस आप्पांचाच जावई होता, मोटरसायकलची चेन बसवत होता. जावयाला माझ्या त्या चाळीस ठिपक्यांनी वाचवलं, हे आप्पांनी आजतागायत कबूल केलेलं नाही.

तर काम. रांजणगावच्या एमआयडीसीत आमचा कारखाना गाड्यांसाठी रबरी रिंगा बनवायचा. तापलेल्या साच्यात कच्चं रबर ठेवायचं, वरून प्रेस खाली येते, दाबून धरते, काही मिनिटांनी उघडते, रिंगा काढायच्या. प्रेस म्हणजे घरच्या पापडाच्या यंत्राची आजी समजा, फक्त ही हत्तीएवढी आणि गरम. तिच्यापुढं जाळीचं सरकतं दार. दार लावल्याशिवाय ती खाली येत नाही. ती कधी यायची, कधी थांबायची हे ठरवणारा संगणक बाजूच्या पॅनेलमध्ये असतो. त्याला आम्ही पीएलसी म्हणतो. ना पडदा, ना आवाज, ना अक्कल. डब्याएवढी राखाडी वस्तू आणि तिच्यावर लुकलुकणारे दिवे. तिची काळजी घेणारा मी.

लोकांना वाटतं, पीएलसीला दार दिसतं. नाही दिसत. दाराला एक स्विच असतो. तोही तिला दिसत नाही. एका वायरीत वीज आहे की नाही, एवढंच तिला कळतं. वीज आहे म्हणजे दार बंद. तिच्या जगात दार नाही, प्रेस नाही, रबर नाही, माणूस तर नाहीच नाही.

आणि त्या वायरीबाबतही तिच्याशी खोटं बोलता येतं. स्विच खराब झाला आणि काम अडलं, तर मी लॅपटॉप जोडून तिला सांगू शकत होतो की वायर काहीही म्हणो, तू दार बंदच आहे असं धर. याला आमच्या भाषेत फोर्स करणं म्हणतात. चाचणीपुरतं करायचं आणि लगेच काढायचं, असा नियम. माणूस विसरतो हे मला माहीत होतं, म्हणून मी माझी एक युक्ती काढली होती. फोर्स केला की माझ्या स्कूटरची चावी त्या पॅनेलच्या हँडलला अडकवायची. फोर्स काढल्याशिवाय चावी काढायची नाही. चावीशिवाय रांजणगावहून शिरूरला घरी जायचं कसं? त्यामुळे सव्वीस वर्षांत एकही फोर्स माझ्या हातून राहिला नाही. एक सोडून.

त्या वर्षी सुरक्षा सप्ताह जवळ आला होता. कारखान्यातला सुरक्षा सप्ताह म्हणजे घोषवाक्यं, चित्रं, रांगोळी आणि शेवटच्या दिवशी कँटीनमध्ये नाटुकलं. नाटुकलं लिहायची क्वालिटीतली वैशाली गायकवाड. दौंडची मुलगी, रोज कंपनीच्या बसनं चौफुला-न्हावरे करत यायची. जयंतीच्या कार्यक्रमांत लहानपणापासून नाटकं बसवलेली, त्यामुळे भीडभाड नव्हती. दरवर्षीचं तेच हेल्मेट आणि तेच बूट यांना कंटाळून तिनं त्या वर्षी भविष्यकाळातला कारखाना लिहिला. 'महासंगणक' नावाचा एक संगणक. सोपान कोळपे कामगार झाला होता, तो खरोखरच चार नंबरच्या प्रेसवरचा ऑपरेटर. महासंगणक झाले स्टोअरचे शेखभाई, अंगानं भरलेले, आवाज ढोलासारखा. टीव्हीचं खोकं चंदेरी रंगवून त्यांच्या डोक्यावर ठेवलं होतं.

तांत्रिक चूक नको म्हणून साहेबांनी मला वाचनाला बसवलं. पहिल्याच वाचनात मी वैताग आणला. महासंगणकाला कामगाराचा हात दिसत होता. कामगार रात्री जागलाय, घरी पोरीला ताप आहे, हेही त्याला कळत होतं. तो प्रेस थांबवत होता, बदली माणूस बोलवत होता, वर पोरीला औषधही पाठवत होता.

मी म्हणालो, "हे त्याला कसं कळलं?"

"मामा, शंभर वर्षांनंतरचा आहे तो," वैशाली म्हणाली.

"असू दे. पण पोरीला ताप आहे ही वायर कुठून आली?"

शेखभाई खोक्यातून म्हणाले, "मामा, जाने दो ना. नाटक है!"

"नाटकच आहे, म्हणून तर सांगतोय. त्याला सगळंच येतं, तर कामगारानं करायचं काय? पडदा उघडला की संगणक सगळं निस्तरतो आणि पडदा पडतो. लोक जेवायला जातील."

वैशालीला राग आला. वही मिटून बाकावर आपटली. मला वाटलं, संपलं, आता ही मला नाटुकल्याच्या आसपास फिरकू देणार नाही. पण दुसऱ्या दिवशी बसमधून उतरली ती थेट माझ्याकडे आली. "मामा, रात्रभर विचार केला. तुमचं बरोबर आहे. त्याला काय येतं ते नका सांगू. काय येत नाही ते सांगा. मी त्यावर लिहिते."

असा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मला सगळे 'हे करता येईल का' विचारायचे आणि मी 'बघतो' म्हणायचो. मी खुश होऊन जेवणाच्या सुटीत तिला सांगत बसलो. वायर नसेल तिथलं त्याला काही कळत नाही. हात आणि लाकडाचा तुकडा यांत त्याला फरक नाही. खोटं सांगितलं तर तो शंका घेत नाही, आणि कुणी सांगितलं ते विचारत नाही. तो दमत नाही, पण घाबरतही नाही, आणि घाबरणं ही फार उपयोगी गोष्ट आहे. वैशाली भराभर लिहून घेत होती. मी मोठ्या ऐटीत बोलत होतो. मी सांगत होतो त्यातली प्रत्येक गोष्ट त्या क्षणी पन्नास पावलांवर चार नंबरला घडत होती, आणि मी भेळ खात होतो.

नवी संहिता झकास झाली. चार दिवसांनी तालीम ठेवली. दुपारी पहिली शिफ्ट सुटली, दुसरी लागली, आणि आम्ही रिकाम्या कँटीनमध्ये जमलो. सोपान हात धुऊन आला. सोपान म्हणजे हसरा, चपळ माणूस. पहाटे न्हावऱ्यात तीन गाई हातानं पिळायचा, डेअरीवर दूध घालायचा आणि मोटरसायकलवर शिफ्टला यायचा. त्या पंधरवड्यात त्याचा भाव वधारला होता. चार नंबरवर त्याचे पीस सगळ्यांत जास्त निघत होते. सप्ताहाच्या शेवटी उत्कृष्ट ऑपरेटर म्हणून त्याला भिंतीवरचं घड्याळ मिळणार, हे ठरलेलं होतं. मीसुद्धा त्याच्या पाठीवर थाप मारून "शाब्बास रे" म्हणालो होतो. ती थाप मला अजून टोचते.

तालीम सुरू झाली. सोपान हात पुढं करून म्हणाला, "महासंगणका, ह्यो माझा हात तुला दिसतो का?"

शेखभाई घुमले, "नाही. मला वायर दिसते."

सोपान थांबला. डोकं खाजवलं. "वैशालीताई, येवढं वाक्य बदला. लोकं हसतील."

"का हो?"

"आवो, आमच्या आत्ताच्या चार नंबरला हात दिसतोय. मंग शंभर वर्सांनंतरच्याला का दिसंना?"

सगळे हसले. मीही हसलो. मग माझं हसू गेलं. "सोपान, चार नंबरला काय दिसतंय?"

"हात, मामा. तुम्हीच बसवलं न्हवं नवीन? त्या रंगीत स्क्रीनवर कॅमेरा हाय की."

महिन्यापूर्वी चार नंबरला नवा स्क्रीन बसवला होता, हे खरं. त्याच्या वरच्या कडेला मुगाएवढा काळा ठिपका होता. उजेड कमी-जास्त झाला की स्क्रीन मंद करण्यासाठी असतो तो. कॅमेरा नव्हता.

"दाखव मला, कशी बघते ती."

सोपाननं डब्याचं झाकण उचललं आणि टेबलाच्या वर धरलं. "ही प्रेस. बटन दाबलं, आली खाली. हितं आली की थांबती. दोन सेकंद. हात बघती. तवर म्या शेवटची रिंग बोटानं सरळ करतो, हात काढून घेतो, मंग ती पुरी खाली येती. लई शानी झालीय."

ती दोन सेकंदं मी घातली होती. वेगानं खाली येणारी प्रेस हळू वेगावर जाताना धक्का देत होती, पाइप हादरत होते, म्हणून मधे दोन सेकंद थांबायला सांगितलं होतं. तिथं कुणी काही बघत नव्हतं. हात काढला काय, न काढला काय, दोन सेकंदांनी ती खाली येणारच होती.

मी विचारलं, "आणि दार?"

"दार? दार उघडंच असतंय की. आता लावावंच लागत न्हाई. पंधरा दिस झालं आसतील. आम्ही म्हनलं, मामांनी कॅमेरा लावला म्हून दार काढलं पोग्रॅममधनं."

मला सगळं एकदम आठवलं. दोनेक आठवड्यांपूर्वी चार नंबरच्या दाराचा स्विच गेला होता. माल न्यायला ट्रक उभा, प्रॉडक्शनचे साहेब डोक्यावर. मी म्हणालो, नवा स्विच येईपर्यंत फोर्स करतो. केला. आणि खिशात हात घातला तर चावी नाही. स्कूटर गॅरेजला टाकलेली, मी कंपनीच्या बसनं आलो होतो. म्हटलं, तासाभराचा तर प्रश्न आहे. तेवढ्यात बॉयलरवरून बोलावणं आलं. इलेक्ट्रिशियननं नवा स्विच बसवला, ट्रक गेला, संध्याकाळी मी बसमध्ये बसलो आणि घरी जाऊन जेवलो. माझं घरी जाणं अडलंच नाही, म्हणून मला आठवलंही नाही.

"आत्ता चार नंबरला कोण आहे?" मी ओरडलो.

"कैलास. त्यालाबी शिकीवलंय म्या."

माझा गुडघा तेव्हाही दुखायचा. पण मी धावलो. शेखभाई खोकं डोक्यावर तसंच ठेवून माझ्या मागं. वाटेत सुरक्षारक्षक ओरडला, "मामा, पिवळ्या पट्ट्यातनं चाला!" सुरक्षा सप्ताह ना. चार नंबर दिसली. दार सताड उघडं. प्रेस खाली येत होती, थांबली, आणि कैलासचा हात आत गेला. मी पॅनेलवरच्या लाल बटनावर अक्षरशः अंग टाकलं.

प्रेस तिथंच राहिली. कैलासनं हात काढला, वळून माझ्याकडे पाहिलं आणि चिडून म्हणाला, "काय मामा! आख्खा पीस खराब केला ना!"

मी त्याला मिठी मारली. तो बावरला. मागं शेखभाई चंदेरी खोक्यात धापा टाकत होते, त्यांच्याकडे बघून तर तो घाबरलाच. मी त्याचे दोन्ही हात हातांत घेऊन उलटेपालटे करून बघत होतो आणि मला हसू येत होतं, रडू येत होतं, काय येत होतं मलाच कळत नव्हतं. एवढी सुटका झाल्यासारखं मला माझ्या मुलीच्या बाळंतपणातसुद्धा वाटलं नव्हतं.

लॅपटॉप लावला. फोर्स तिथं होता. माझंच काम, माझ्याच नावानं. मी तो काढला. दार उघडून बटन दाबलं, प्रेस हलली नाही. दहा वेळा दाबलं. तोवर सोपान आला होता. त्याला मी सगळं सांगितलं. आधी तो हसला, मग म्हणाला, "मंजी ती बघत नव्हती?"

"नाही रे."

"येकदाबी न्हाई?"

"एकदाही नाही. तूच वेळेवर हात काढत होतास."

तो तिथंच फरशीवर बसला. दोन्ही तळवे उघडून मांडीवर ठेवले आणि बघत राहिला. "मामा, घरी तीन गाई हायती," एवढंच म्हणाला. मी त्याच्याशेजारी बसलो. मला त्याची माफी मागायची होती. म्हणालो, "चुकलं माझं." तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या." पण राहू द्यावं असं काही ते नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं.

प्रॉडक्शनचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण सप्ताहाचे पाहुणे परवा यायचे होते. हळूच म्हणाले, "दरेकर, स्विच खराब होता असं लिहा. कुणाला लागलेलं तर नाही." मी म्हणालो, "स्विच चांगला आहे, साहेब. खराब मी होतो." तसंच लिहिलं. पुढं मला ताकीद मिळाली, ते पत्र मी कपाटात जपून ठेवलंय. नोकरी जाईल अशी धास्ती घेऊन दोन दिवस काढले. गेली नाही. सोपानचं घड्याळही रद्द झालं, त्याबद्दल मात्र तो महिनाभर कुरकुरत होता.

नाटुकलं रद्द करावं, असं साहेबांचं मत होतं. वैशाली ऐकेना. पण तिच्यापुढं वेगळाच पेच होता. शेवटच्या प्रवेशात कामगार विचारतो, दार उघडं असताना तू खाली का आलास? महासंगणक म्हणतो, मला सांगितलं होतं की दार बंद आहे. कामगार विचारतो, कुणी सांगितलं? पुढं ती अडली होती. "मामा, तुमच्या हिशोबानं त्याला ते माहीत नसणार. मग उत्तर कोण देणार? आणि आता हे प्रेक्षकांपुढं विचारायचं म्हणजे…" तिनं वाक्य अर्धं सोडलं. चांगली पोर आहे, मला वाचवायला बघत होती. म्हणाली, "तुम्ही म्हणाल तर हा प्रवेशच काढते."

मी एक दिवस मागून घेतला. घरी बायकोला विचारलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "उत्तर तुम्हाला माहीत आहे, मग दुसऱ्या कुणाला कशाला द्यायला लावता?"

प्रयोगाच्या दिवशी कँटीन गच्च भरलं होतं. पुढं पाहुणे, साहेब. मी तिसऱ्या रांगेत. शेखभाई घुमले, "मला सांगितलं होतं, दार बंद आहे." सोपाननं विचारलं, "कुणी सांगितलं?" इथलं उत्तर मी देणार, असं वैशालीशी ठरलं होतं. मी उठलो. म्हणालो, "मी. दरेकर, मेंटेनन्स. फोर्स केला आणि काढायला विसरलो. या सोपानची आणि कैलासची बोटं आज जागेवर आहेत, ती माझ्यामुळे नाहीत. आणि त्या स्क्रीनवर कॅमेरा नाही. कोणत्याच मशिनवर नाही. कुठलीही प्रेस तुमचा हात बघत नाही."

टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. मला वाटलं, खाली बसावं की दाराबाहेर जावं? तेवढ्यात मागच्या भिंतीपाशी उभा असलेला एक जण म्हणाला, "मामा, सात नंबरच्या दाराला आम्ही लोहचुंबक चिकटवलंय. स्विच फसतो त्यानं." दुसरा म्हणाला, "नऊ नंबरच्या बटनात काडी खोवलीय, ते दाबलेलंच राहतं." पुढं बसलेल्या पाहुण्यांना तो नाटकाचाच भाग वाटला. ते मान डोलावत होते, एकानं तर वैशालीला नंतर सांगितलं की प्रेक्षकांत कलाकार पेरण्याची कल्पना उत्तम. आम्ही त्याच दुपारी सात नंबरचं चुंबक आणि नऊ नंबरची काडी काढली.

त्यानंतर आमच्या खात्यात नियम झाला. फोर्स केला की गाडीची चावी पॅनेलला. आणि ज्यानं त्या दिवशी गाडी आणली नसेल, त्यानं डावा बूट अडकवायचा. मी निवृत्त होईपर्यंत कितीतरी वेळा एका पायात बूट घालून लंगडत फिरलो. बाहेरचे लोक विचारायचे, पॅनेलला बूट का? आमचे लोक सांगायचे, नजर लागू नये म्हणून. मी निवृत्त झालो तेव्हा खात्यातल्या मंडळींनी मला निरोपादाखल काय दिलं असेल? एकच बूट. डावा. उजवा सोपानकडे आहे म्हणाले. तो अजून मिळालेला नाही.

वैशालीनं ते नाटुकलं वाढवून त्याची एकांकिका केली, दौंडला तिचे प्रयोग झाले. तिथूनच लोक माझ्याकडे कागद घेऊन यायला लागले. प्रत्येकाचा संगणक सर्वज्ञ असतो, आणि प्रत्येकाला मी तोच प्रश्न विचारतो. लोक म्हणतात, मामा, गोष्टीत काय बिघडतं? मी त्यांच्याशी वाद घालत नाही. सोपानला त्या प्रेसमध्ये कॅमेरा आहे असं कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं ते कुठल्या तरी गोष्टीतच पाहिलं होतं.

सोपान आता स्वतःच सुपरवायझर आहे. दरवर्षी दिवाळीत न्हावऱ्याहून येतो, स्टीलच्या बरणीत खरवस घेऊन. याही वर्षी आला. बायकोनं चकली-चिवड्याची ताटली पुढं केली. तो बरणीचं झाकण उघडत होता आणि मी सवयीनं बघत होतो. मला वाटतं, त्याला कळत नाही. पण त्यानं झाकण खाली ठेवलं, दोन्ही पंजे माझ्या नाकासमोर पसरले आणि म्हणाला, "मोजा मामा, निवांत मोजा. धा हायती. ह्या वर्सीचा खरवसबी ह्याच धा बोटांनी पिळलेल्या चिकाचा हाय."

मी मोजली. मग खरवस खाल्ला.